राखणीची बंदूक आणि अहिंसेचा प्रश्न

शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी बंदूक बाळगावी का, आणि बाळगली तर त्याच्या हातून अहिंसाधर्म मोडतो का, हा प्रश्न अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत नुसता पुस्तकी नाही. पोहरा-मालखेडच्या जंगलालगत, काटेपूर्णा अभयारण्याच्या कडेला, पातूर-बार्शीटाकळीच्या डोंगरपट्ट्यात आणि मेळघाटाच्या पायथ्याशी रानडुकरे आणि रोही (नीलगाई) रात्री शेतात उतरतात. रानडुक्कर खाते थोडे. उकरून आणि तुडवून नासवते त्याहून जास्त. रोह्यांचा कळप हरभऱ्याचे शेंडे आणि तुरीच्या कोवळ्या शेंगा ओरबाडत जातो. त्यासाठी जागल करायची, मचाणावरून हाका घालायच्या, डबे बडवायचे, फटाके फोडायचे, धुऱ्यावर जुन्या साड्यांचे कुंपण बांधायचे, हे उपाय घरोघरी चालतात. जनावरे त्यांना सरावली की बंदुकीचा विषय निघतो.

कायद्याने या बंदुकीची जागा ठरवून दिली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य करते. ती अपुरी पडेल अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूकही देता येते. लष्कराची जुनी रायफल मात्र शेतकऱ्याच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेत महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या रायफली सामान्य माणसाने स्वस्तात विकत घेतल्या आणि घरी घासूनपुसून नव्या केल्या. भारतात .३०३ ली-एनफील्डसारखी लष्करी मापाची शस्त्रे नागरिकांना निषिद्ध राहिली. सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली. तिच्या बोल्टची रचना ली-एनफील्डच्याच घराण्यातली आहे, पण काडतूस वेगळे. म्हणून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला परवडणारी जुनी बंदूक म्हणजे बहुधा वडिलोपार्जित किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक.

अशी बंदूक निवडताना आधी ती रिकामी आहे याची खात्री करावी लागते. ठासणीच्या जुन्या बंदुकीत वर्षानुवर्षे भरलेला बार राहून गेलेला असू शकतो, म्हणून ही तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच व्हावी. मग नळीची पाळी. बारा बोअरची नळी उघडून उजेडाकडे धरली की आतली भिंत एकसारखी चमकली पाहिजे. काळे खड्डे दिसले तर गंजाने धातू खाल्ला आहे. बाहेरून बोट फिरवताना कड्यासारखा फुगवटा लागला तर पूर्वी कधीतरी आत काही अडकलेले असताना बार उडाला आहे. अशी नळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दस्त्याला मुठीजवळ तडा आहे का, आणि घोडा अर्ध्या चापावर घट्ट थांबतो का, हेही पाहावे लागते.

डागडुजीत लाकडाचे काम सोपे आणि सुखाचे असते. दस्त्यावरचे जुने, फुटलेले व्हार्निश काढून लाकूड बारीक कागदाने घासतात, मग जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात तळव्याने चोळून चढवतात. वऱ्हाडच्या रब्बीला जवस अनोळखी नाही. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो. पावसाळी हवेत त्याला दिवसच्या दिवस लागतात. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते पसरून वाळवायचे. लोखंडाच्या बाबतीत संयम हवा. वरवरचा गंज तेल लावून हलक्या हाताने काढता येतो, पण खोल डाग जावेत म्हणून घासत राहिले तर नळी पातळ होते. बंदुकीवरचा ओळखक्रमांक खोडणे आणि परवानगीवाचून नळी तोडून आखूड करणे हे गुन्हे आहेत.

या कामाला नैतिक बाजू आहे. खराब चापाची किंवा सैल दस्त्याची बंदूक जनावराला मारत नाही, जखमी करते. जखमी रानडुक्कर झुडपात शिरते आणि तिथे दिवसेंदिवस तडफडते. सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर ते उलटू शकते. तेव्हा बंदूक हाती घ्यायचीच असेल, तर ती नीट राखणे हा दुःख कमी करण्याचा भाग ठरतो. मात्र हीच डागडुजी दुसऱ्या वाटेलाही नेते. लाकडाची झळाळी आणि लोखंडाचा निळसर रंग यांत मन गुंतले की गरजेपोटी आणलेली वस्तू हौसेची होते, आणि हौसेची बंदूक स्वतःसाठी कारणे शोधू लागते. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर विळा, कुऱ्हाड आणि नांगरही पूजले जातात. त्या पूजेचा अर्थ शस्त्राचा गौरव असा घेण्यापेक्षा, हत्यार कामापुरते हाती आहे आणि त्याचा हिशेब द्यायचा आहे, असा घेणे अधिक योग्य.

या प्रश्नाला वऱ्हाडच्या धर्मपरंपरेत एकच उत्तर नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. शिकारी तो मागतात. शरण आलेला जीव स्वामी देत नाहीत, आणि अखेर शिकाऱ्यांचेच मन पालटते. इथे अहिंसा निरपवाद आहे. पण ती सर्वस्व सोडलेल्या महात्म्याची आहे. त्याचे शेत नाही, कर्ज नाही, पोरांची फी नाही.

जैन विचाराने संसारी माणसासाठी पायऱ्या सांगितल्या. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेली आणि १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात गेलेली कारंजा आणि शिरपूर ही त्या परंपरेची या भागातली मोठी ठाणी. मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी हिंसा, घरकामात घडणारी आरंभी, शेती-व्यवसायात घडणारी उद्योगी आणि आक्रमण परतवताना होणारी विरोधी. मुनीला चारही वर्ज्य. गृहस्थाने संकल्पी हिंसा निश्चयाने सोडावी आणि उरलेल्या जमतील तेवढ्या कमी कराव्या. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावाने बकरे-कोंबडे कापण्यावर कीर्तनातून आयुष्यभर आसूड ओढले. ती हिंसा संकल्पी होती आणि तिला गरजेचा आधारही नव्हता. गीतेचा अठरावा अध्याय आणखी एक भर घालतो: प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो. नांगराच्या तासातही जीव मरतात. म्हणून निर्दोष शेती मिळणार नाही. दोष किती आणि कशासाठी पत्करला, एवढेच विचारता येते.

महात्मा गांधींनी हा प्रश्न टाळला नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनांत तडफडणाऱ्या वासराला त्यांच्या संमतीने मरण दिले गेले, आणि त्यावरच्या वादात पिके नासवणाऱ्या माकडांचाही विषय त्यांनी घेतला. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिताना त्यांनी माणसाच्या पोटावर उठलेल्या माकडांना मारणे क्षम्य ठरवले. माणसांच्या अन्नाचा नाश निमूट पाहणे ही त्यांच्या लेखी अहिंसा नव्हती. मात्र मारण्याला त्यांनी पुण्यही म्हटले नाही. गरजेची हिंसा ही हिंसाच राहते, तिचे समर्थन मर्यादित असते आणि ती टाळण्याचा शोध थांबवता येत नाही.

या कसोटीवर राखणीचे उपाय तोलले तर एक गोष्ट ठळक दिसते. बंदुकीपेक्षा वाईट उपाय विदर्भात वापरले जातात. काही ठिकाणी घराच्या जोडणीतून तारेत थेट वीज सोडतात; तिला डुक्कर, वाघ आणि शेजारचा माणूस यांतला फरक कळत नाही, आणि अशा तारांनी माणसेही मेली आहेत. आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब जो तोंड लावेल त्याचा जबडा फोडतो. या हिंसेत पाहणारे डोळे नाहीत आणि जाब देणारे कोणी नाही. परवान्याच्या बंदुकीमागे नाव असलेला माणूस असतो. तो पाहू शकतो, थांबू शकतो, आकाशाकडे बार काढून जनावर नुसते हुसकावू शकतो. परवाना म्हणजे मारण्याची मुभाही नव्हे: रानडुक्कर आणि रोही यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारायचे तर कलम ११ खाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. हिंसा टळत नसेल, तर निदान ती आंधळी आणि बेवारस नसावी, हा या परवानगीमागचा धर्मविचार आहे.

अखेरचा प्रश्न अहिंसेच्या खर्चाचा आहे. जंगली जीव वाचावेत असे सगळा समाज म्हणतो, पण त्याची किंमत जंगलाच्या कडेचा शेतकरी एकटा मोजतो: रात्रीच्या झोपेने आणि हातच्या पिकाने. वनविभागाकडून पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, सौर कुंपणाला अनुदान आहे. त्या कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारत नाही, म्हणून तो उपाय नैतिकदृष्ट्या बंदुकीच्या वरचा. पण पंचनामा लांबला, भरपाई तोकडी पडली किंवा कुंपणाचा आपला वाटा शेतकऱ्याला पेलला नाही, की समाजाचे पुण्य त्याच्या खात्यात कर्ज म्हणून चढते. दुसऱ्याच्या नुकसानीवर पाळलेले व्रत अपुरे आहे. म्हणून बंदूक बाळगणाऱ्याकडून तीन गोष्टी मागाव्यात: गरज खरी असावी, सौम्य उपाय आधी झालेले असावेत आणि हत्यार निर्दोष असावे, हौसेचे नसावे. आणि जे बंदूक बाळगत नाहीत त्यांच्याकडून चौथी: ज्या अहिंसेचा ते आग्रह धरतात, तिच्या खर्चात त्यांनीही वाटा उचलावा.