आवडी अनेक, सवड एक

'आवड तेथे सवड' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अभ्यासाला वेळ मिळाला नाही म्हणणाऱ्या मुलाला ती ऐकवली जाते, पत्राचे उत्तर न धाडणाऱ्या मित्रालाही ऐकवली जाते. म्हणीत तथ्य आहे. ज्या गोष्टीचा खरोखर लळा लागतो, तिच्यासाठी माणूस झोपेतून, जेवणातून, प्रवासातूनही वेळ काढतो. परंतु म्हण रचणाऱ्याने 'आवड' एकवचनी योजली आहे. आवडी पाच-सहा असल्या आणि सवड रविवारच्या दुपारएवढीच असली, तर काय करावे, याविषयी म्हण मौन पाळते. तेथे दुसरी म्हण पुढे येते : 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' पहिली धीर देते, दुसरी फटकारते. आणि अनेक गोष्टींत जीव गुंतलेला माणूस या दोन म्हणींच्या मधोमध आयुष्य काढतो.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. ज्या जगात असंख्य लोकांना पोटापलीकडे पाहण्याची उसंत नाही, तेथे छंद फार झाल्याची तक्रार ही भरल्या पोटाची तक्रार नव्हे काय? हा आक्षेप मी नाकारणार नाही. किंबहुना त्याच्यापाशी आपल्याला परत यावेच लागेल. तथापि जी खंत माणसाला रात्री जागी ठेवते, ती क्षुल्लक आहे असे म्हणून ती नाहीशी होत नाही.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. घर वसईत, नोकरी चर्चगेटला. व्हायोलिन, टपाल तिकिटे, परसातील गुलाबाची कलमे, बुद्धिबळ आणि छायाचित्रण हे त्यांचे पाच छंद. "फादर, मी कशाचाच झालो नाही," असे ते एकदा म्हणाले. पुढे त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर आठवड्याचा हिशेब होता. एकूण तास १६८. झोपेचे रोज सात धरून ४९. नोकरी आणि लोकलचा प्रवास मिळून पाच दिवस बारा-बारा, म्हणजे ६०. उरलेल्या ५९ तासांतून आंघोळ, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, वडिलांचा दवाखाना, रविवारची मिस्सा, गावातले लग्न, गावातली मयत वजा जाता हाती आठ तास. पाच छंदांना प्रत्येकी ९६ मिनिटे. बँकेत काम करणाऱ्या माणसाचा हिशेब चुकत नाही; पण हा हिशेब बरोबर असूनही खोटा होता.

समान वाटणी म्हणजे न्याय, ही आपली ठाम समजूत असते. ॲरिस्टॉटलने वाटपातील न्यायाचा विचार करताना निराळेच सांगितले : जे समान आहेत त्यांना समान द्यावे, जे असमान आहेत त्यांना समान देणे हाही अन्यायच. छंदांना हे तंतोतंत लागू पडते, कारण प्रत्येक छंदाचा वेळेशी असलेला करार वेगळा असतो. व्हायोलिनला रोजचा रियाज हवा. आठवड्यातून एकदा ९६ मिनिटे वाजवणाऱ्याची बोटे प्रत्येक वेळी मागच्या ठिकाणाहून नव्हे, त्याच्याही मागून सुरुवात करतात. त्यापेक्षा रोजची वीस मिनिटे शतपटीने बरी. गुलाबाला तुमच्या रविवारशी देणेघेणे नाही. पावसाळा सरून ऑक्टोबर आला की छाटणी झाली पाहिजे, मग घरी पाहुणे असोत वा नसोत. टपाल तिकिटे तेवढी सोशिक. ती वर्षानुवर्षे वाट पाहतात, फक्त आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्यांचा डिंक सुटून ती एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. बुद्धिबळ समोरच्या माणसाचाही वेळ मागते. तेव्हा ९६ मिनिटांची समान वाटणी म्हणजे पाचही जणांना सारखेच उपाशी ठेवण्याची व्यवस्था.

या संदर्भात मला ग्रेगोर मेंडेल आठवतो. ब्र्यून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातला हा धर्मगुरू शाळेत शिकवीत असे आणि मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवीत असे. १८५६ ते १८६३ या काळात त्याने हजारो रोपे तपासली. १८६५ साली त्याने आपले निष्कर्ष वाचून दाखवले आणि पुढल्या वर्षी ते छापून आले. शिवाय मधमाश्या, फळझाडे आणि हवामानाच्या नोंदी हेही त्याचे विषय होते. १८६८ साली तो मठाधिपती झाला, आणि कारभार, पत्रव्यवहार, पुढे सरकारशी कराचा दीर्घ वाद यांत त्याचे दिवस गेले. झाडांकडे आणि मधमाश्यांकडे दुर्लक्ष होत असल्याची हळहळ त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. हवामानाच्या नोंदी मात्र त्याने अखेरपर्यंत चालू ठेवल्या. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. वाटाण्याला सबंध हंगाम हवा, तो आता त्याच्यापाशी नव्हता; तापमापकाकडे पाहून आकडा टिपायला दिवसातली काही मिनिटे पुरत. आवडीची तीव्रता हा त्याचा निकष नव्हता, हाती उरलेल्या वेळेचा आकार हा निकष होता. १८८४ साली तो वारला तेव्हा वाटाण्यांची महती जगाला ठाऊक नव्हती. ती कळायला १९०० साल उजाडावे लागले.

आता चिंध्यांविषयी. ती म्हण रचणारा आपल्याच घरातील गोधडी विसरला असावा. चिंध्या कितीही असोत, त्यांच्यातून दोरा फिरला की त्यांचे पांघरूण होते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. संख्याशास्त्राची पद्धत पारखून पाहावी म्हणून ते जुनी नाणी तोलू लागले. नाणी पाडणारे राजे कोण, या प्रश्नाने त्यांना इतिहासाकडे नेले. एकीकडे भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध झाली, दुसरीकडे ते पुण्याभोवतालच्या टेकड्या तुडवून अश्मयुगीन हत्यारे वेचत राहिले. आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वळण देणारा त्यांचा ग्रंथ आला. दुरून पाहणाऱ्याला या चिंध्या दिसल्या असत्या. परंतु हे उदाहरण आपल्यासारख्यांनी जपूनच वापरावे. आमच्या गृहस्थांच्या व्हायोलिनमधून आणि तिकिटांमधून जाणारा दोरा मला तरी सापडला नाही, आणि तो असलाच पाहिजे असाही आग्रह नाही. प्रतिभावंतांची उदाहरणे सामान्यांवर ओझ्यासारखी लादू नयेत. छंदाचे कर्तृत्व व्हायलाच हवे, ही अपेक्षा छंदाचा जीव घेते.

मध्ययुगीन तत्त्वचिंतनात या विषयाचा अधिक सूक्ष्म विचार सापडतो. संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणांत स्थान दिले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी एक जुनी कथा उद्धृत केली आहे. प्रेषित योहान शिष्यांसोबत खेळताना पाहून काहींना धक्का बसला. तेव्हा योहानने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला सांगितले, आणि असेच सतत करता येईल का, असे विचारले. सतत ताणले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच. पण याच थॉमसनी ज्ञानाच्या ओढीचा विचार कोठे केला आहे? बुद्धीच्या गुणांत नव्हे, संयमाच्या प्रकरणात. जेथे खाण्यापिण्याचा विचार आहे त्याच्या शेजारी. जाणून घेण्याची इच्छा ही भुकेसारखीच आहे आणि तिलाही ताटाचे माप लागते, असा त्याचा अर्थ. ही भूक केव्हा बिघडते याचा एक प्रकार ते स्पष्ट सांगतात : जे करणे आपल्यावर बंधनकारक आहे त्यापासून कमी उपयोगाचे शिक्षण आपल्याला ओढून नेते तेव्हा.

संत ऑगस्टीन तर स्वतःवरच करडी नजर ठेवून होते. घरात बसलेले असताना पाल माश्या कशी पकडते हे पाहण्यात आपले चित्त गुंतते, असे ते लिहितात. आज प्रत्येकाच्या खिशात ती पाल आहे. कुणी तीस सेकंदांत बासरी शिकवतो, कुणी मातीचे भांडे घडवून दाखवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, हेही आपण करावे. साहित्य मागवले जाते, खोके उघडले जाते, नि बासरी कपाटात जाते. अनेक छंदांनी बेजार झालेल्या तरुणांपैकी काहींचे छंद मोजून पाहिले तर निम्मे केवळ पाहण्याचे निघतात. ते बाजूला काढले तरी प्रश्न बराच हलका होतो. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरी अडचण पुढे आहे. त्या गृहस्थांचा कागद परत देताना मी विचारले, "तुमच्या पत्नींना कशाचा छंद आहे?" ते क्षणभर घुटमळले. म्हणाले, "तिला वेळ कुठे असतो, फादर?"

त्यांच्या हिशेबातील आठ तासांचा उगम येथे होता. ॲरिस्टॉटलने सवडीला मानवी जीवनात फार उंच आसन दिले. आपण कामात गढतो ते सवड लाभावी म्हणून, असे तो म्हणतो. 'स्कूल' हा शब्ददेखील सवड या अर्थाच्या ग्रीक 'स्खोले'वरून आला. पण तोच ॲरिस्टॉटल दुसऱ्या ग्रंथात लिहितो की, मागाचा धोटा आपोआप विणू लागला असता तर मालकांना दासांची गरज उरली नसती. त्याच्या सवडीखाली दासांचे कष्ट होते, आणि ते लपवण्याची त्याला आवश्यकता भासली नाही. आज धोटा आपोआप विणतो, कपडे यंत्रात धुतले जातात. तरीही घरातील एकाच्या फावल्या वेळाखाली दुसऱ्याची न मोजलेली मेहनत असते. आमच्या भागात पहाटे अंधारात मोगऱ्याच्या कळ्या खुडून दादरच्या बाजारासाठी पाठवणाऱ्या बायका आहेत. फुलांची आवड कुणाला, असे कुणी विचारले तर उत्तरात त्यांचे नाव येणार नाही. स्त्रीच्या आवडीला उपयोगाचा परवाना लागतो : भरतकाम चालेल, कारण उशीचे अभ्रे होतात, लोणचे चालेल, कारण ते वर्षभर पुरते. नुसतेच खिडकीशी बसून चित्र काढणाऱ्या बाईला 'रिकामी' म्हणतात, पुरुषाला 'रसिक' म्हणतात.

म्हणून मला वाटते, पाचांपैकी कोणता छंद ठेवावा हा दुसरा प्रश्न आहे. हा वेळ कोणाचा आहे, हा पहिला. फावला वेळ आभाळातून पडत नाही. तो घरातील सर्वांचा मिळून असतो, आणि वाटणी करायचीच तर ती व्हायोलिन व गुलाब यांच्यात होण्याआधी माणसांमाणसांत व्हायला हवी. त्या गृहस्थांच्या आठांतील चार तास पत्नीकडे गेले तर उरलेल्या चारांत पाच छंद मावणार नाहीत, हे उघड आहे. तेथे सोडणे आले.

सोडण्याची भीती आपल्या लोकांत विशेष आहे, आणि तिचे मूळ मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील रुपयांच्या दाखल्यात आहे असा मला संशय येतो. लाभलेले प्रत्येक कौशल्य दुप्पट करून परत दिले नाही तर दटावणी होईल, अशी धास्ती आम्हीच प्रवचनांतून पेरली. वस्तुतः त्या दाखल्यात धनी प्रत्येकाला त्याच्या शक्तीप्रमाणे देतो, आणि ज्याला दोन मिळाले त्याला पाचांचा जाब विचारीत नाही. त्याच्याकडेही पाचवाल्याइतक्याच प्रेमाने पाहिले जाते.

तरीही सोडताना दुखते, आणि ते दुखणे खोटे नाही. 'नंतर पाहू' म्हणून आपण त्यावर मलम लावतो. निवृत्तीनंतरचा काळ हे आपल्या अपुऱ्या आवडींचे मोठे गोदाम आहे. येथे थोडा भेद करायला हवा. काही आवडी थांबतात, काही थांबत नाहीत. तिकिटे थांबतील, बुद्धिबळ बऱ्याच अंशी थांबेल. गळा थांबत नाही, गुडघे थांबत नाहीत, बारीक टाके घालणारे डोळे थांबत नाहीत. निवड करताना या आवडींना आधी जागा द्यावी, आणि ती घरातील दुसऱ्याची असली तर अधिकच आधी.

एका धर्मग्रामातील गायनवृंदाचा सराव पूर्वी गुरुवारी संध्याकाळी साडेसातला असे. पुरुष वेळेवर हजर असत. बायका कधी येत, कधी न येत, आणि त्यांना आस्था नाही असा बोल लागे. साडेसात ही भाकरी थापण्याची वेळ. कुणीतरी हे लक्षात आणून दिल्यावर सराव रविवारच्या मिस्सेनंतर ठेवण्यात आला. तिघी नव्याने येऊ लागल्या. त्यांतील एकीने वीस वर्षांपूर्वी, पहिल्या मुलाच्या वेळी, गाणे सोडले होते. वरची पट्टी आता तिला लागत नाही. ती खालच्या सुरात गाते.