सत्त्याऐंशी मीटरांवरचे इंजिन

एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेत रूळ, डबे, सिग्नलचा खांब, फलाटावरचा हमाल, सगळे मूळच्या ८७ पट लहान असते. आवाज मात्र त्या मापात बसत नाही. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घ्या; कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडच्या आसपास वाढलेल्यांच्या कानांत ते मुरलेले आहे. त्याच्या पोटातले अल्को २५१ हे यंत्र मूळ अमेरिकी, सोळा सिलिंडरांचे. उभ्या गाडीत ते मिनिटाला साधारण ४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५३ स्फोट. ही घरघर ८७ पट वर नेली तर तिची शिट्टी होईल. म्हणून ती आहे तशीच ठेवायची. पण ५३ हर्ट्झची लहर हवेत सहा मीटरांहून लांब असते, आणि ती उठवायची आहे नखाएवढ्या स्पीकरने.

मॉडेलच्या पोटात बसून आवाज काढणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे डिकोडरमध्ये, काही कमी नाही. अमेरिकेतल्या साउंडट्रॅक्सच्या आणि जर्मनीतल्या ईएसयूच्या डिकोडरांत खऱ्या इंजिनांची ध्वनिमुद्रणे असतात, आणि ती अप्रतिम असतात. पण मोटार आणि गिअर बसवून झाल्यावर पोटात जागा उरते ती मोबाइलमधल्या स्पीकरपुरती. टर्बोचार्जरची सूं ऐकू येते, छातीत उतरणारा खर्ज येत नाही.

माझ्या मते खरी तक्रार या बारीक आवाजाची नाही, अंतराची आहे. टेबलापासून मीटरभर दूर उभे राहणे म्हणजे इंजिनापासून ८७ मीटरांवर उभे राहणे. लांबून येणाऱ्या आवाजातले तीव्र स्वर हवा आधी शोषते आणि खर्ज टिकतो. गाडी दिसण्याआधी ऐकू येते ती तिची घुमघुम. लहान स्पीकर नेमके उलटे करतो, खर्ज गिळतो आणि तीव्र तेवढे सोडतो. डोळा सांगतो इंजिन दूर आहे, कान सांगतो ते हाताशी आहे आणि चिमुकले आहे. या दोघांचे पटत नाही तोवर रंगरंगोटी कितीही बारकाईने करा, काहीतरी खोटे वाटत राहते.

बिनतारी हेडफोन इथे मोठा आधार आहे. कानाला टेकलेल्या स्पीकरला खोलीभर हवा हलवावी लागत नाही, त्यामुळे खर्ज सहज मिळतो. पण साध्या हेडफोनमधला आवाज डोक्याच्या आत वाजतो. मान वळवली की इंजिनही वळते. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो, हे लॉर्ड रॅलेने १९०७ मध्येच मांडले होते: तीव्र स्वरांत जोराचा फरक, खर्जात वेळेचा, आणि हा वेळेचा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हेडफोनमध्ये खोलीशी असलेले हे नातेच तुटते.

म्हणून इंजिनातला स्पीकर काढून टाकू नये. जागा त्याने सांगावी आणि वजन हेडफोनने द्यावे. कानाची एक सवय इथे उपयोगी पडते: सारखेच दोन आवाज थोड्या अंतराने आले तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने दोन्ही आल्यासारखे वाटतात. हेडफोनचा आवाज काही मिलिसेकंद मागे असला, तर खर्जसुद्धा रुळांवरून आल्यासारखा भासू शकतो. ब्लूटूथ मात्र फार मागे पडतो. त्याचा विलंब पुष्कळदा १५० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. वाफेचे दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा फुसकारते. ६३ इंची चाकांचे इंजिन ताशी ५० किलोमीटरने धावू लागले की सेकंदाला अकरा फुसकारे होतात. तिथे विलंब कुणाच्या लक्षात येणार नाही. पण ताशी आठ किलोमीटरला सेकंदात दोनही नसतात, आणि दांडा पुढे जाऊन फुसकारा मागाहून आलेला स्पष्ट दिसतो. गाडी सुटते तो क्षणच बिघडतो, आणि आपण खेळतो ते त्या क्षणासाठी. थेट रेडिओवर चालणारा कमी विलंबाचा ट्रान्समीटर शोधणे म्हणूनच महत्त्वाचे.

आणखी एक प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. ऐकणारा कोण आहे? थ्रॉटल हातात घेतलेला माणूस ड्रायव्हर असतो. त्याने केबिनमधला आवाज ऐकावा, इंजिनावर भार पडला की तो कानाला कळावा. चार जण चार गाड्या चालवत असतील तर प्रत्येकाला आपापले इंजिन वेगळे ऐकू येणे ही चैन नव्हे, कामाची गरज आहे. भोंगा मात्र कुणा एकाचा नसतो. अमेरिकेत फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा देतात तो इतरांसाठी. भोंगा आणि घंटा इंजिनातच राहाव्यात, आणि हेडफोन कान न झाकणारा, मागून उघडा असावा. हाडावाटे ऐकवणारे हेडफोन कान मोकळे ठेवतात खरे, पण खर्जातच कच्चे पडतात.

पाहायला आलेल्यांच्या कानांवर मात्र मी हेडफोन चढवणार नाही. त्यांच्यासाठी टेबलाखाली एक सबवूफर ठेवावा. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, आणि तो खर्ज सगळ्यांना एकाच वेळी, एकमेकांशी बोलता बोलता मिळतो.