झाकणावरचा आकडा

सकाळी साडेदहाच्या सुमाराला अंधेरी स्टेशनाबाहेर पाच-दहा मिनिटं थांबून बघावं. सायकली येतात, प्रत्येकीवर तीस-पस्तीस डबे. ते फुटपाथवर उतरवले जातात आणि कुणी कुणाला काही न विचारता हात चालू होतात. चर्चगेटचे एका बाजूला, दादरचे दुसऱ्या. ज्याने घरून डबा आणला, तो ऑफिसात पोचवणारा नसतो. मध्ये तीन-चार हात बदलतात. झाकणावर रंगवलेली अक्षरं आणि आकडे एवढाच त्यांच्यातला निरोप.

आमचं घर बोरिवलीला, वडिलांची कचेरी नरिमन पॉइंटला. आईचा डबा नऊच्या ठोक्याला जिन्यात तयार असे. झाकणावर घरच्या स्टेशनाची खूण, खाली मोठा आकडा, शेजारी इमारतीची अक्षरं आणि मजला. ही लिपी मला फार लवकर वाचता येऊ लागली. पण तो डबा वेळेवर का पोचतो, हा प्रश्न पडायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत जगभर विचारला गेला आहे: माणसांनी एकत्र काम करायचं तर त्यांची मांडणी कशी असावी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर ठाम होतं. व्यवस्थापनशास्त्राचा प्रवर्तक टेलर याने 1911 साली सांगितलं, की प्रत्येक कामाची एकच उत्तम पद्धत असते, ती शोधा आणि सगळ्यांना शिकवा. समाजशास्त्रज्ञ वेबरने लेखी नियम, उतरंड आणि ठरलेले अधिकार यांत नोकरशाहीचं बळ पाहिलं. बाहेरचं जग कसं आहे, हा प्रश्न या मांडणीत जवळजवळ नव्हताच.

तो 1961 साली पुढे आला. बर्न्स आणि स्टॉकर या अभ्यासकांनी स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या कंपन्या पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की बाजार स्थिर असेल तिथे नियमांनी बांधलेली, यंत्रासारखी रचना चालते. तंत्रज्ञान झपाट्याने बदलत असेल तिथे सैल, सजीव रचनाच टिकते. उत्तम रचना एकच नाही. परिस्थिती कोणती, त्यावर ती ठरते. मला हा या विचाराच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो.

पण डबेवाले या दोन खणांपैकी कुठल्या खणात बसतात? या कामाची सुरुवात 1890च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी केली, असं सांगितलं जातं. माणसं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली, बहुतेक वारकरी. त्यांच्या ट्रस्टची नोंदणी 1956 साली झाली. काम मात्र चालतं ते वीस-पंचवीस जणांच्या गटांवर. गटाला एक मुकादम. गिऱ्हाईक जोडणं, पैसे वाटून घेणं, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळणं, हे सगळं गटातच. गट एकमेकांपासून इतके स्वतंत्र, की गिऱ्हाइकांसाठी त्यांच्यात स्पर्धाही असते. आणि तरी लोकलची वेळ आणि झाकणावरची खूण यांत तसूभर बदल चालत नाही. लॉरेन्स आणि लॉर्श यांनी 1967 साली हार्वर्डमधून मांडलं ते नेमकं इथे लागू पडतं: भाग जितके वेगळे, तितकी त्यांना जोडणारी गोष्ट पक्की हवी. इथे ती गोष्ट म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. काही सेकंदांच्या थांब्यात लांबलचक लाकडी क्रेट लगेजच्या डब्यात चढवायचा, तर वादाला जागाच उरत नाही.

डबेवाल्यांचं कौतुक करताना चुकांचं प्रमाण किती कमी, याच्याच आकड्यात आपण रमतो. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की हे वेळापत्रक त्यांनी बनवलेलं नाही. दुसऱ्याच्या व्यवस्थेवर त्यांनी आपली व्यवस्था बेतली.

आणि अडचणही तिथेच आहे. ही सगळी मांडणी एका नकाशावर उभी होती: घर उपनगरात, कचेरी फोर्टात, सकाळी सगळा ओघ दक्षिणेकडे. तो नकाशा हळूहळू फिरला. अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 साली आलं, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, पवईत काचेच्या इमारती आल्या. माझीच नोकरी अंधेरीत लागली. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. पूर्व-पश्चिम प्रवास सुटसुटीत झाला, पण मेट्रोत लगेजचा डबा नाही. डिसेंबर 2017 मध्ये बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल निघाली, तिचे दरवाजे आपोआप मिटतात. प्रवाशाच्या सोयीचं जे जे झालं, त्यात डोक्यावर क्रेट घेतलेला माणूस कुणाच्या हिशेबात नव्हता.

हनन आणि फ्रीमन या अभ्यासकांनी 1977 साली एक कठोर गोष्ट मांडली: संस्था आपल्याला वाटतं तितक्या बदलत नाहीत, परिस्थितीच काहींना ठेवते आणि काहींना वगळते. ही मांडणी मला पटते आणि सलतेही. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली, पुढे कित्येक ऑफिसं घरूनच चालू लागली आणि डबेवाल्यांची संख्या खूप घटली. संघटना मात्र टिकली. अभ्यासक याला जुळवून घेणं म्हणतील. पण गट लहान करून संघटना जुळवून घेते, तेव्हा ज्याची लाइन बंद झाली तो गावी परततो, नाहीतर मिळेल ते काम धरतो. सिद्धांतात संस्थेला परिस्थिती असते. या माणसाची परिस्थिती त्यात कुठे लिहिलेली असते? साठ वर्षांच्या या विचारात मला हीच जागा रिकामी दिसते.

आमचा डबेवाला अजून आहे. त्याच्याकडे आता गिऱ्हाइकं थोडी, आणि बरीचशी अंधेरीतच कामाला. काही डबे तो लोकलने नेतच नाही. पश्चिमेकडून उचलतो आणि सायकलवरून पुलापलीकडे पूर्वेला देतो. परवा त्याच्या सायकलला लटकलेला एक जुना ॲल्युमिनियमचा डबा पाहिला. झाकणावरचा नरिमन पॉइंटचा आकडा पांढऱ्या रंगाने पुसला होता आणि वर लाल रंगात अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीची खूण काढली होती. पांढऱ्याखालून जुना आकडा अजून वाचता येत होता.