कथेचे कर्तेपण आणि कथेची मालकी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हायडा ग्वाई बेटांवरील गावेच्या गावे १८६२ च्या देवीच्या साथीनंतर ओस पडली. १९००-०१ साली जॉन स्वॉन्टन याने तेथील स्काय आणि अंध गांडल यांची कथने हायडा भाषेतच उतरवून घेतली. विशेष म्हणजे सांगणाऱ्यांची नावेही नोंदली. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट याने १९९९ मध्ये या दोघांना स्वतंत्र प्रतिभेचे कवी म्हणून इंग्रजीत मांडले. मौखिक वाङ्मय अनामिकच असते, या (आपल्याकडेही रुळलेल्या) गृहीतकाला त्यामुळे तडा गेला, हे मान्यच करावे लागेल.

परंतु संमती कोणाची घेतली, हा हायडांचा आक्षेप वाङ्मयीन गुणवत्तेच्या बळावर निकालात काढता येत नाही. हायडा परंपरेत अनेक कथा कुळाच्या मालकीच्या असतात. त्या सांगण्याचा अधिकार वारशाने येतो. अशा वेळी कर्तेपण कवीला बहाल करणे म्हणजे कुळाचा हक्क आधुनिक लेखकसंकल्पनेत विरघळवून टाकणे होय. स्कायने स्वॉन्टनला कथा सांगितली, एवढ्यावरून पुढील साऱ्या अनुवादकांना मुभा मिळाली असे कसे मानावे? आणि तरीही अनुवाद नाकारून भागत नाही. हायडा अस्खलित बोलणारे आज मोजकेच उरले आहेत. त्या कुळांतील बहुतेक तरुणांनाही स्कायपर्यंत इंग्रजीतूनच जावे लागते.