एका भुंगेऱ्याची तग, एका पक्ष्याचा अंत

बाकमन वार्बलर हा चिमुकला गाणारा पक्षी १९६७ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत आला. अमेरिकन बरीइंग बीटल, म्हणजे मेलेले पक्षी-उंदीर जमिनीत पुरणारा भुंगेरा, त्या यादीत १९८९ साली आला. पुढे २०२० मध्ये भुंगेऱ्याचा धोका एक पायरी कमी मानला गेला. वार्बलरचे नाव २०२३ मध्ये यादीतून काढले, ते तो नामशेष झाल्याचे मान्य करून.

१८३२ मध्ये जॉन बाकमन या धर्मोपदेशकाला चार्ल्सटनजवळ हा पक्षी सापडला. पुढच्याच वर्षी पक्षिचित्रकार ऑड्युबॉनने त्याचे वर्णन करून त्याला मित्राचे नाव दिले. जिवंत पक्षी मात्र ऑड्युबॉनने कधी पाहिला नाही. या पक्ष्याचा पिवळ्या चेहऱ्याचा आणि काळ्या गळ्याचा नर आग्नेय अमेरिकेतल्या दलदलीच्या जंगलात गात असे. वेळूच्या दाट बनांशी त्याचे जगणे बांधलेले असावे, असे मानतात. ही जंगले तुटली, पाणी उपसून तिथे शेते झाली. हिवाळ्यात पक्षी क्युबाला जात, तर तिथले रान उसासाठी साफ होत होते. दोन्ही घरे एकाच काळात गेल्यावर एका देशाने काही केले असते तरी ते अपुरेच पडले असते. शिवाय यादीत नाव येईपर्यंत पक्षी दिसणेच जवळपास थांबले होते. वाचवायला हाताशी जोडीच नसेल, तर कायद्याने संरक्षण द्यायचे कोणाला?

भुंगेऱ्याचीही अवस्था तितकीच बिकट होती. एके काळी अमेरिकेच्या पस्तीस राज्यांत आढळणारा हा जीव १९८९ मध्ये र्‍होड आयलंडजवळचे ब्लॉक बेट आणि ओक्लाहोमाचा पूर्व भाग एवढ्याच दोन ठिकाणी ठाऊक होता. त्याला पिल्लांसाठी साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम वजनाचे कलेवर लागते. प्रवासी कबुतरांचे प्रचंड थवे नाहीसे झाले, तशी या आकाराची कलेवरे दुर्मीळ झाली असावीत, असे एक अनुमान आहे. रॅकून, स्कंक असे प्राणी वाढून तेही याच खाद्यावर टपले.

या भुंगेऱ्याचे संगोपन कीटकांत विरळाच. रात्री वासाच्या मागावर नर-मादी कलेवरापाशी येतात, खालची माती उकरत ते जमिनीत उतरवतात, पिसे किंवा केस काढून त्याचा गोळा करतात आणि तो सडू नये म्हणून आपल्या स्रावांनी माखतात. अळ्या तोंड वर करून अन्न मागतात आणि आईबाप पचवलेले मांस त्यांच्या तोंडात घालतात. अळ्या फार झाल्या, तर काहींना आईबापच खातात.

असा जीव डबाभर माती आणि एक मेलेला लावा दिला की प्राणिसंग्रहालयातही वाढतो, आणि हीच त्याच्या बाजूची मोठी गोष्ट ठरली. प्रॉव्हिडन्सच्या रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयाने १९९० च्या दशकात पैदास सुरू केली आणि भुंगेरे नँटकेट बेटावर सोडले गेले. पुढे सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयाने वाढवलेले भुंगेरे २०१२ पासून मिसूरीच्या गवताळ रानात सोडण्यात आले.

तरीही धोका टळलेला नाही. नँटकेटवर माणसे कलेवरे पुरवतात, आणि पुरवठा कमी केला की संख्या घटते. दक्षिणेकडच्या मैदानांत तापमान वाढत गेले, तर पुढच्या काही दशकांत तिथला अधिवासच या भुंगेऱ्याला मानवणार नाही, असा सरकारी अभ्यासकांचा अंदाज आहे.