उधारीची वही



आपल्या वाशीम जिल्ह्यात दुकानाची उधारी पावसाबरोबर सुरू होते आणि सोयाबीन विकले की फिटते. जूनमध्ये हातचा पैसा बी-बियाण्यांत, खतांत जातो. मग दसरा-दिवाळीपर्यंत तेल-मीठ वहीवर लिहायचे. ही रीत जुनी आहे, तिच्यात विश्वास आहे. उधार घेणे पाप आहे, असे मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ऐपत असून न देण्याचा.

लहान धंदा बसला की लोक म्हणतात, गिऱ्हाईक नव्हते. पुष्कळदा गिऱ्हाईक असते, विक्रीही होते. संपते ते खेळते भांडवल. हिशेब करून पाहू. समजा, एका बहिणीने ५० हजारांत दुकान थाटले. महिन्यातून एकदा माल फिरतो, शेकडा १० सुटतात, म्हणजे ५ हजार. त्यातले २० हजार चार महिने वहीत अडकले, तर तिची ८ हजारांची कमाई गेली. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून तेवढीच रक्कम तिने महिना शेकडा ३ ने काढली, तर कमाई वाचेल. पण २,४०० रुपये व्याज जाईल. ते व्याज खरे तर आपले. भरते ती.

२०१५ पासून मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळते. बचत गटही आहेत. पण हप्ता ठरल्या तारखेला येतो, आणि आपण म्हणतो, "पुढच्या महिन्यात पाहू, काकू."

पैशाच्या गोष्टी चर्चमध्ये कशाला, असे कोणी विचारील. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनीच कॅथॉलिक सहकारी बँक सुरू केली होती. आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, हे लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. दुकानदार मजूर नव्हे म्हणावे, तर शिवणकाम करणारी, पंक्चर काढणारा यांची मिळकत दुसरी काय असते?

अवघड प्रश्न वेगळाच आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात अनेकांना त्याहून कमी मिळाला. ज्याच्याच हाती आले नाही, तो काय देणार? त्याने दुकानात जाऊन तसे सांगावे, शंभर रुपये का होईना द्यावेत. दुसऱ्या गल्लीने जाऊ नये. पगाराच्या घरांना मात्र ही सबब नाही. आपण मोबाईलचे रिचार्ज रोखीने करतो, मग किराणाच तेवढा वहीवर का?

परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, असे प्रभू येशू सांगतो. ते देणाऱ्याला सांगितले आहे. घेणाऱ्याने ते दुकानदाराला ऐकवू नये.

आणि दुकानदार बंधू-भगिनींनो, आपलाच माणूस म्हणून मागायला लाजू नका. फक्त चारचौघांत मागू नका, आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात तर नकोच.