कानाचे प्रामाण्य आणि व्हॉल्यूमची घुंडी

घरी बांधलेल्या प्रीॲम्प्लिफायरमधील व्हॉल्यूम कंट्रोल आवाज वाढवत नाही, घटवतो. सीडी प्लेयरमधून पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्टचा संकेत निघतो, बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायरना पूर्ण शक्तीसाठी त्याहून कमी पुरतो, आणि घरात पूर्ण शक्ती लागतेच कधी. म्हणून आलेल्या संकेताचा केवढा अंश पुढे सोडायचा, एवढेच ही घुंडी ठरवते. त्यासाठी दोन मार्ग विशेष चर्चिले जातात: एक पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे कार्बनच्या किंवा वाहक प्लॅस्टिकच्या पट्टीवरून सरकणाऱ्या संपर्काचा, दुसरा टप्प्यांच्या ॲटेन्युएटरचा, म्हणजे वीस-चोवीस खटक्यांच्या रोटरी स्विचवर निवडक रेझिस्टर सोल्डर करून केलेल्या विभाजकाचा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते, आणि ती मोजणारा बहुधा एकच कारण देतो, की ऐकून पाहिले आणि आवाज अधिक मोकळा वाटला. असे विधान खरे कशावरून मानावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके चर्चिला आहे.

प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक तो स्वतःसिद्ध मानतात: ज्ञान होते ते खरे म्हणूनच होते, आणि पुढे त्याला खोडणारे बाधकज्ञान मिळाले किंवा ज्या साधनाने ते झाले त्यात दोष, म्हणजे कारणदोष, आढळला, तरच ते सोडावे लागते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. खरेपणा ज्ञानाबरोबरच कळत असता तर ‘हे खरे की भास’ असा संशय कधी उद्भवलाच नसता, असा नैयायिक गंगेशाचा ‘तत्त्वचिंतामणी’ या ग्रंथातील युक्तिवाद आहे, म्हणून खरेपणा बाहेरून, मुख्यतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की नाही यावरून, ठरतो. दूरवर पाणी दिसले, जवळ जाऊन ओंजळ भरली आणि तहान भागली, तर ते पाणी, एरवी मृगजळ.

श्रोत्याची बाजू मीमांसकाने घ्यावी आणि मोजमाप करणाऱ्याची नैयायिकाने, ही वाटणी सोयीची वाटते, पण टिकत नाही. नैयायिकाची कसोटी येथे अडखळते, कारण पाणी पाहणे आणि पिणे या वेगळ्या गोष्टी आहेत, तर ऐकण्यानंतर उरते ते पुन्हा ऐकणेच. मोकळ्या आवाजाने भागणारी तहान ऐकण्याबाहेर कोठेच नाही. मीमांसकाची अडचण याहून मोठी आहे आणि ती नेमकी व्हॉल्यूम कंट्रोल या सुट्या भागाच्या स्वभावातून येते.

दोन ध्वनींच्या पातळीत काही दशांश डेसिबलचाच फरक असेल, तर तो कानाला मोठेपणाचा फरक म्हणून सहसा जाणवत नाही. किंचित मोठा ध्वनी अधिक स्पष्ट, अधिक भरीव वाटतो. नुसती वायर बदलली तर पातळी बहुधा जागच्या जागी राहते. व्हॉल्यूम कंट्रोल बदलताना मात्र जो भाग पारखायचा तोच पातळी ठरवत असतो, आणि २ डेसिबलच्या खटक्यांवर तर जुनी पातळी बहुतेक वेळा दोन खटक्यांच्या मध्येच कोठेतरी पडते. दोष येथे योगायोगाने शिरत नाही. तुलनेच्या रचनेतच तो आहे. कारणदोष कळला की ज्ञान सोडावे हा मीमांसकाचाच नियम असल्यामुळे ‘ऐकले म्हणून खरे’ या म्हणण्याला त्याच्या दर्शनातही आसरा मिळत नाही.

हा दोष काढता येतो. १ किलोहर्ट्झचा स्वर देऊन दोन्ही भागांतून येणारा विद्युतदाब एक टक्क्याच्या आत जुळवला, की पातळी ०.१ डेसिबलच्या आत येते. अर्थात सरकता पोटेन्शिओमीटर खटक्याशी जुळवायचा, उलट जुळवणे शक्य नाही. मग कोणता भाग चालू आहे हे श्रोत्याला आणि बदल करणाऱ्यालाही कळू न देता ओळखायला लावायचे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही दुहेरी अंध तुलना एबीएक्स या नावाने ओळखली जाते. १६ पैकी निदान १२ वेळा अचूक ओळख निव्वळ अंदाजाने साधण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून नैयायिकाला हवी असलेली सफल कृती येथे ओळखण्याच्या रूपाने मिळते. मीमांसक यावर अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या मालिकेचा, आक्षेप घेईल: कानाला व्होल्टमीटरचा दाखला लागतो, तर व्होल्टमीटरला कोणाचा? आक्षेप खोटा नाही. पण तपासणी कोठेतरी थांबावी लागते एवढेच त्यातून निघते, ती सुरूच करू नये असे नाही.

कानाचा अधिकार यामुळे संपत नाही. स्टिरिओसाठीच्या दुहेरी पोटेन्शिओमीटरच्या दोन पट्ट्या घुंडीच्या खालच्या टोकाशी सारख्या चालत नाहीत. दोन वाहिन्यांत काही डेसिबलचेही अंतर पडू शकते आणि रात्री हळू लावलेल्या रेकॉर्डमध्ये मध्यभागी असलेला गायक एका बाजूला सरकतो. या जाणिवेचा विषय नेमका असल्यामुळे मीटर तिला दुजोरा देतो, आणि एक टक्का अचूकतेच्या रेझिस्टरांचा ॲटेन्युएटर हे अंतर डेसिबलच्या लहानशा अंशावर आणतो. महाग स्विचचे खरे समर्थन हे आहे, मोकळेपणाचे नव्हे. तेही अभेद्य नाही, कारण पीटर बॅक्सँडॉल यांच्या सक्रिय रचनेत परिणाम संपर्काच्या स्थानावर अवलंबून असतो, पट्टीच्या एकूण रोधावर नाही, आणि साध्या रेषीय पोटेन्शिओमीटरनेही दोन वाहिन्या चांगल्या जुळतात. रोधाची निवड मात्र कोणत्याही दर्शनाला न विचारता करता येते: ५० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा निर्गम-रोध १२.५ किलोओहमपर्यंत चढतो आणि पुढे बफर न ठेवता १ नॅनोफॅरड धारितेची लांब केबल जोडली, तर १२.७ किलोहर्ट्झपाशीच संकेत ३ डेसिबलने उतरतो. १० किलोओहम घेतल्यास ही मर्यादा ६४ किलोहर्ट्झच्या आसपास जाते.

उरतो खटक्यांचा आनंद. न्यायदर्शनात सुख हा आत्म्याचा गुण असून तो मनाला साक्षात कळतो. जड स्विचच्या ठाम खटक्याने हात सुखावत असेल तर त्या सुखाला मीटर लावण्याचे कारण नाही. तेच सुख आवाजाचा गुण म्हणून सांगितले गेले, की मात्र नैयायिक ज्याला अन्यथाख्याती म्हणतात तो प्रकार होतो: एकीकडचा धर्म दुसरीकडे दिसणे, जशी शिंपल्यावर चांदी. अंध तुलनेत श्रोत्याचा हात घुंडीवरून काढून घेतात तो यासाठीही.